एक्सएलएसएक्स की सीएसव्ही? एक्सेल नसताना कोणती फाइल मागावी

‘माझ्याकडे एक्सेल नाहीये, तेवढी सीएसव्ही करून पाठवा ना’, असं सर्रास म्हटलं जातं. एक्सएलएसएक्स ही एक्सेल विकत घेतलेल्यांची फाइल, आणि सीएसव्ही म्हणजे तीच फाइल, फक्त कुणालाही उघडता येईल अशी, असा त्यामागचा समज. एक्सेल असलेल्या कॉम्प्युटरवर दोन्हींची चिन्हं हिरवीच असतात आणि डबल क्लिक केलं की दोन्ही चौकटी-चौकटींतच उघडतात, त्यामुळे तो आणखी पक्का होतो. प्रत्यक्षात आतून दोन्ही पूर्णपणे वेगळ्या आहेत. माझं स्पष्ट मत असं, की एक्सेल नसेल तर बहुतेक वेळा एक्सएलएसएक्सच मागून घ्यावी.

सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडून बघा. आत एवढंच दिसेल:

क्रमांक,वस्तू,नग
००७१,"टेबल, लाकडी",१२
००७२,खुर्ची,४८

साधा मजकूर. एक ओळ म्हणजे एक रो, स्वल्पविराम आला की पुढचा कॉलम. ‘टेबल, लाकडी’मधला स्वल्पविराम मजकुराचाच भाग आहे, हे कळावं म्हणून त्याला अवतरणचिन्हं लावली आहेत. बाकी काही नाही. रंग, कॉलमची रुंदी, चार्ट यांना इथे जागाच नाही. फॉर्म्युला जातो, त्याचं उत्तर तेवढं उरतं. आणि सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे सीएसव्हीत एकच शीट मावते. पाच शीटची फाइल कुणी सीएसव्ही करून पाठवली, तर तुमच्या हाती एक शीट येते आणि उरलेल्या चार होत्या याचा मागमूसही राहत नाही.

आता एक्सएलएसएक्सची एक कॉपी करा, तिच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरचं ‘एक्सएलएसएक्स’, बदलून तिथे ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत फोल्डर निघतात: प्रत्येक शीटची वेगळी एक्सएमएल (खुणा घातलेल्या मजकुराची) फाइल, रंग-फॉन्टची वेगळी, मजकुराची वेगळी. ऑफिस २००७ पासून एक्सेल याच पद्धतीने फाइल सेव्ह करतं, आणि ही पद्धत गुपित नाही. २००६ मध्ये एक्मा या संस्थेने आणि २००८ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ती मानक म्हणून प्रसिद्ध केली. म्हणूनच लिब्रेऑफिस कॅल्क हे एक्सेलसारखं सॉफ्टवेअर ती फुकटात उघडतं. गूगल शीट्स उघडतं. मायक्रोसॉफ्टचं फुकट खातं असेल तर खुद्द एक्सेलही ब्राउझरमध्ये चालतं. ऑफिस २००७च्या आधीची जुनी एक्सएलएस फाइलसुद्धा लिब्रेऑफिसला उघडता येते. अडचण येते ती मॅक्रो (फाइलीतच साठवलेले छोटे प्रोग्राम) असलेल्या फाइलींत, क्वचित काही नव्या फॉर्म्युल्यांत. आणि मूळ फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर मांडणी थोडी हलते. फाइल नुसती बघण्यासाठीचा मायक्रोसॉफ्टचा फुकट एक्सेल व्ह्यूअर मात्र २०१८ मध्येच बंद झाला. त्या नावाने कुठल्याही साइटवरून काही उतरवून घेऊ नका.

खरा घात होतो सीएसव्ही उघडताना. तिच्यात ‘हा आकडा आहे, हा मजकूर आहे’ असं कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे उघडणारं सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. ००७१चे ७१ होतात. सोळा-सतरा अंकी नंबर असेल तर एक्सेल पहिले १५ अंक ठेवतं आणि पुढच्यांच्या जागी शून्यं भरतं. तारखेसारखं काही दिसलं की तारीख करून टाकतं. जनुकशास्त्रज्ञांनी हे फार सोसलं. मार्च१, सेप्ट१ अशी जनुकांची नावं तारखा होऊन बसायची. शेवटी मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली. २०२०च्या नियमावलीत मार्च१चं मार्चएफ१ झालेलं आहे. देवनागरी मजकुराचं दुखणं निराळं: फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची एक पद्धत) मध्ये असून ती तशी वाचली गेली नाही, तर नावांच्या जागी नुसता कचरा दिसतो.

यातलं बरंचसं टाळता येतं. लिब्रेऑफिसमध्ये सीएसव्ही उघडताना आधी एक खिडकी येते. घाईने ओके दाबू नका. कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ ठेवा, सेपरेटर स्वल्पविराम आहे की अर्धविराम ते खालच्या नमुन्यात बघा, आणि क्रमांकाच्या कॉलमवर क्लिक करून त्याचा प्रकार टेक्स्ट करा. शून्यं शाबूत राहतील. गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना मजकुराचे आकडे आणि तारखा करण्याच्या पर्यायावरची खूण काढा.

मर्यादेचंही बघायला हवं. जुन्या एक्सएलएसमध्ये ६५,५३६ रो मावतात, एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. सीएसव्हीला अशी मर्यादा नाही. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाइली जुन्या एक्सएलएसमध्ये ओतल्या गेल्या, जास्तीच्या रो गळून पडल्या आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजलेच गेले नाहीत.

सीएसव्ही मागायची ती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात माहिती भरायची असेल तेव्हा, किंवा डेटा प्रोग्रामने वाचायचा असेल तेव्हा. तिथे तिला तोड नाही. नुसतं बघायचं किंवा छापायचं असेल तर सरळ पीडीएफ मागा. आणि नावाचं शेपूट सीएसव्हीवरून एक्सएलएसएक्स केल्याने फाइल बदलत नाही. ती उघडून ‘सेव्ह ॲज’ करावी लागते. लिब्रेऑफिसमध्ये एक्सएलएसएक्सवर काम करून ती परत पाठवायची असेल, तर सेव्ह करताना ते कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवू असं विचारतं. समोरच्याकडे एक्सेल असेल तर एक्सएलएसएक्सच ठेवा.