मामारी फळीवरचा चंद्र

रापा नुईच्या, म्हणजे ईस्टर बेटाच्या रोंगोरोंगो लिपीत कोरलेल्या जेमतेम दोन डझन वस्तू उरल्या आहेत. त्यांतला एकच मजकूर कशाबद्दल आहे हे बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतं: मामारी या लाकडी फळीच्या एका बाजूवरच्या सहा ते नऊ या ओळी. त्यांत चांद्रमासातल्या रात्रींचा क्रम आहे.

1862-63 मध्ये पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनी बेटावरची माणसं पळवली, पाठोपाठ देवीची साथ आली आणि लिपी जाणणारे त्यात गेले. ताहितीचे बिशप जोसाँ यांनी मेतोरो या बेटकऱ्याकडून फळ्या म्हणवून घेतल्या खऱ्या, पण तो बहुतेक ठिकाणी चिन्हाचा आकारच सांगत गेला.

मामारी साधारण 29 बाय 19.5 सेंमी. लाकूड पारोसा पिंपळाचं; कोकणात किनाऱ्यालगत भेंडी म्हणतात तेच झाड. वाचन खालून वर चढतं आणि एकाआड एक ओळ डोक्यावर उभी असते, म्हणून ओळ संपली की फळी 180 अंशांत फिरवायची. हे चुकलं की चंद्रकोरींच्या दिशा उलटतात आणि शुक्ल-कृष्ण पक्षांचा घोळ होतो.

लिपीचे अभ्यासक टोमास बार्टेल यांनी 1958 मध्ये इथल्या कोरींची माळ ओळखली. मध्ये पौर्णिमेचं चिन्ह: चंद्रावर भट्टी पेटवणारी म्हातारी (आपल्याला तिथे ससा दिसतो). कोरींच्या गटांआधी तीच ती चिन्हमालिका येते. तिच्यातल्या माशाचं तोंड पौर्णिमेपर्यंत वर, नंतर खाली.

ताळा जुळला तो बेटावर टिपलेल्या रात्रींच्या नावांशी. पौर्णिमेआधी सहा ‘कोकोरे’, नंतर पाच; त्यांना वेगळी नावं नाहीत, फक्त क्रमांक, आपल्या द्वितीया-तृतीयेसारखे. नेहमीच्या रात्री 28, चांद्रमास मात्र सरासरी 29.53 दिवसांचा. भाषाअभ्यासक जाक गी यांनी 1990 मध्ये मांडलं की ‘होतू’ आणि ‘हिरो’ या दोन रात्री गरजेप्रमाणे घालायच्या असत आणि त्या कधी घालायच्या हेच या ओळी सांगतात. म्हणजे पंचांगासारखं आधी गणित नाही. आकाशाकडे बघून ठरवायचं.

सौर वर्षाचं काय? अमेरिकी नौदलातले विल्यम थॉमसन यांनी 1886 मध्ये बेटावर 13 महिन्यांची नावं टिपली. बारा चांद्रमासांचे 354 दिवस होतात, ऋतुचक्राचे 365. तेराव्याचं काम आपल्या अधिक महिन्याचंच दिसतं. पण ही नावं तोंडी मिळालेली आहेत. फळ्यांवर संक्रांती किंवा सूर्यग्रहणं ‘वाचणाऱ्यांकडे’ ताळा घ्यायला रात्रींच्या यादीसारखं काहीच नसतं. कोरींच्या ओळींतही चिन्हांचा उच्चार कळलेला नाही, कळला आहे तो फक्त क्रम.