हिरोमागचं घड्याळ

आवडता सिनेमा पुन्हा लावला की घरातलं कुणीतरी विचारतंच, "इतक्यांदा पाहिलास, अजून त्यात बघायचं काय राहिलंय?" यावर ठणकावून सांगावं, की बरंच राहिलंय. पडद्याचा बहुतेक भाग आपण एकदाही धड पाहिलेला नसतो. ही अतिशयोक्ती नाही, आपल्या डोळ्यांची रचनाच तशी आहे.

हात समोर लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. त्या नखापेक्षा जरा मोठ्या, सुमारे २ अंशांच्या वर्तुळात जे येतं तेवढंच आपल्याला एका वेळी बारकाव्यांसह दिसतं. दृष्टिपटलाच्या मधोमध एक इवलासा खळगा असतो, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्याच्या बाहेर जसजसं जावं तसतसं चित्र पुसट होत जातं. दिवाणखान्यातला ४३ इंची टीव्ही सात-आठ फुटांवरून बघत असाल, तर हे स्पष्ट वर्तुळ तळहाताच्या रुंदीएवढं भरतं. म्हणजे पडद्याच्या शंभर भागांतला एखादाच भाग. बाकी सगळा पडदा स्पष्ट दिसतोय असं वाटतं, कारण डोळा सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारून जागा बदलतो आणि मेंदू ते तुकडे बेमालूम जोडतो.

या उड्या चालू असताना आपल्याला काही कळत नाही, हे पडताळून बघणं सोपं आहे. आरशासमोर उभं राहून आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या. आपला डोळा हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या बहिणीला मात्र तो हललेला लख्ख दिसेल.

आता हिशोब करा. अडीच तासांच्या सिनेमात डोळ्याच्या अशा पंचवीस हजार उड्या होतात. एवढ्यांत पडद्याचा कानाकोपरा बघून व्हायला हवा. होत नाही, कारण उड्या कुठे पडणार हे बव्हंशी आपण ठरवतच नाही. ते दिग्दर्शक आणि संकलक ठरवतात.

प्रेक्षकांच्या डोळ्यांचा माग घेणारी यंत्रं आली तेव्हा ही गोष्ट नीट उघड झाली. टिम स्मिथ या ब्रिटिश संशोधकाने अनेक प्रेक्षकांच्या नजरा एकाच दृश्यावर ठिपक्यांनी मांडून दाखवल्या. चांगल्या बांधलेल्या दृश्यात ते ठिपके माश्यांसारखे एकाच जागी गोळा होतात: बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर, डोळ्यांवर, काही उचलणाऱ्या हातावर. दृश्य बदललं की सगळे मिळून पडद्याच्या मध्याकडे धावतात. मेंदूतही तसंच काहीसं घडतं. उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात प्रेक्षकांच्या मेंदूंचं चित्रण करून त्यांच्यातलं साम्य मोजलं होतं. हिचकॉकच्या दूरदर्शन मालिकेतला एक भाग पाहताना मेंदूच्या बाह्य थराच्या सुमारे ६५ टक्के भागात सगळ्यांची हालचाल सारखी होती. न्यूयॉर्कमधल्या एका बागेत कॅमेरा नुसता उभा करून घेतलेल्या, न कापलेल्या चित्रणाला हेच साम्य ५ टक्क्यांहूनही कमी भरलं. आपल्याकडे बडोद्यात सूरसागर तलावाच्या कठड्यावर कॅमेरा ठेवला तर निराळं काय होणार? एक जण महादेवाची मूर्ती बघेल, दुसरा रिक्षा, तिसरा पाण्यावरचे पक्षी. पण त्याच कठड्यावर नायिका रडत उभी राहिली की संपला विषय, तिघंही तिच्याकडेच बघणार.

म्हणूनच हिरोच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ आधीच्या शॉटमध्ये पाच वाजल्याचं आणि नंतरच्या शॉटमध्ये सव्वाअकरा झाल्याचं दाखवत असलं तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स यांनी १९९७ साली अशा चुका मुद्दाम पेरून एक छोटी फिल्म केली होती. दोन बायका टेबलाशी बसून बोलताहेत, आणि दर कटला काहीतरी बदलतं: गळ्यातला स्कार्फ जातो, टेबलावरच्या ताटल्यांचा रंग बदलतो. असे नऊ बदल होते. पहिल्यांदा पाहताना दहापैकी एकाच प्रेक्षकाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, तेही मोघम. पुढची फिल्म तर कहर होती. एक माणूस खुर्चीवरून उठतो, कट होतो, आणि फोन घ्यायला पोचतो तो भलताच माणूस! कपडेही वेगळे. तरी साधारण दोन तृतीयांश प्रेक्षकांनी "एक माणूस उठला आणि फोनवर बोलला" एवढंच सांगितलं.

नऊ बदलांच्या त्या प्रयोगातला पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. प्रेक्षकांना बदल आहेत हे सांगून तीच फिल्म पुन्हा दाखवली, तेव्हा त्यांना सरासरी दोनच सापडले. नऊपैकी दोन! आधी एकदा पाहिलेलं, शोधायचं हे ठाऊक, आणि तरी सात निसटले. तेव्हा "दुसऱ्यांदा पाहिलं की बारकावे दिसतात" हे वाक्य वाटतं तितकं सरळ नाही.

नजर जाणं आणि दिसणं हेही एक नव्हे. ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा वो आणि जेरेमी वोल्फ यांनी २०१३ साली छातीचे स्कॅन वाचणाऱ्या २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टांना फुप्फुसातल्या गाठी शोधायला दिल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. चोवीसपैकी वीस डॉक्टरांना ते दिसलं नाही, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट गोरिलावर जाऊन आलेली होती. डोळ्यांनी काम चोख केलं होतं, पण मन गाठी मोजत होतं. पहिल्यांदा सिनेमा पाहताना आपण असेच गाठी मोजत असतो: हा कोण, त्याचा भाऊ कोणता, पत्र कुणी लपवलं, आता बाप काय म्हणेल. मनाला एका वेळी जेमतेम चार गोष्टी हातात धरता येतात, आणि कथा ते चारही हात भरून टाकते.

मग दुसऱ्या खेपेला काय होतं? नेहमीचं उत्तर असं, की गोष्ट ठाऊक झाल्यामुळे हात मोकळे होतात आणि नजर भटकू लागते. ऐकायला पटतं, पण माझ्या मते हे अर्धंच खरं आहे, आणि त्याला कारण आहे कॅन्ससमधला एक प्रयोग.

ऑर्सन वेल्सच्या १९५८ सालच्या एका चित्रपटाची सुरुवात तीन मिनिटांहून लांब अशा एकाच अखंड शॉटने होते. कुणीतरी गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवतं, आणि ती गाडी गजबजलेल्या रस्त्यांवरून सावकाश जात राहते. लेस्टर लॉश्की आणि सहकाऱ्यांनी काही प्रेक्षकांना हा शॉट पहिल्यापासून दाखवला, तर काहींना बॉम्बचा भाग वगळून. पुढे काय होणार असं विचारल्यावर दोन्ही गटांची उत्तरं साहजिकच वेगळी आली. पण नजरा? जवळजवळ सारख्याच. एकाला स्फोटाची धास्ती, दुसऱ्याला फक्त रात्रीची रहदारी, आणि दोघांचे डोळे त्याच त्या जागांवर फिरत होते. संशोधकांनी याला चित्रपटाची हुकूमशाहीच म्हटलं आहे. हा प्रयोग पुनःपुन्हा पाहण्याबद्दल नव्हता, हे खरं. पण नुसत्या माहितीने नजरेची दोरी सुटत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

ती सुटली ती वेगळ्याच उपायाने. आणखी एका गटाला सांगितलं होतं, की शॉट संपल्यावर त्या जागेचा नकाशा काढायचा आहे. लगेच त्यांचे डोळे माणसं सोडून इमारती, पाट्या, कोपरे धुंडाळू लागले. चित्र तेच, पण काम बदलल्याबरोबर नजर बदलली. म्हणून दहाव्यांदा पाहणाऱ्याला घड्याळ दिसतं ते दहा या आकड्यामुळे नाही. कधीतरी त्याच्या मनात गोष्टीशी संबंध नसलेला एखादा प्रश्न उगवतो, आणि नजर त्या प्रश्नाच्या मागे जाते.

बडोदेकरांनी याचं उदाहरण शोधायला दूर जायला नको. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. पुढे १९१०-११च्या सुमारास त्यांनी मुंबईत, गिरगावातल्या तंबूवजा चित्रगृहात, ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. त्याबद्दल त्यांनी स्वतःच 'नवयुग' मासिकात लिहून ठेवलं आहे. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या येत होतं. दुसऱ्या खेपेला ते पत्नीला, सरस्वतीबाईंना, घेऊन गेले. त्यानंतर मिळतील ते चित्रपट पाहण्याचा त्यांनी सपाटाच लावला, रोज चार-चार, पाच-पाच तास. घरीही छोटं यंत्र आणि फिल्मचे तुकडे आणून ते भिंतीवर पाहत बसायचे. अपुरी झोप आणि डोळ्यांवरचा ताण यांमुळे दृष्टी जायची वेळ आली, आणि उपचार व चष्मे यांच्या आधाराने ती परत मिळाली.

शेजारच्या खुर्चीवरचा प्रेक्षक ख्रिस्ताचं काय होणार या काळजीत असताना फाळक्यांच्या डोक्यात दुसराच प्रश्न होता: हे करतात कसं? शॉट कुठे संपला, उजेड कुठून आला, माणूस नाहीसा कसा झाला? बडोद्यात कॅमेरा आणि काचा हाताळून आलेल्या माणसाला हे प्रश्न सुचतात, इतरांना ते सुचतही नाहीत. इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर १९१२ साली त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या वाढीचं रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि महिनाभराची वाढ एखाद्या मिनिटात दाखवणारी फिल्म तयार केली. पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला.

जाता जाता एक उलटी गंमत. पुन्हा पाहताना कधी कधी नवं काही दिसण्याऐवजी जुनं काही सापडतच नाही. "इथे अख्खी ओसरी दिसत होती ना?" म्हणावं, तर शॉटमध्ये फक्त खांब आणि झोपाळ्याची एक कडी. हेलेन इंट्रॉब आणि मायकेल रिचर्डसन यांनी १९८९ साली लोकांना जवळून घेतलेले फोटो दाखवले आणि नंतर ते आठवणीतून काढायला लावले. बहुतेकांनी चौकटीबाहेरचा न दिसलेला भागही बिनदिक्कत काढला होता. कुंपणाचा तुकडा दिसला की मेंदू पुढचं कुंपण घालून मोकळा होतो. तेव्हा "आधी हे होतं, आता कापलं" अशी तक्रार ऐकू आली, तर सेन्सॉर बोर्डाला दोष देण्याआधी थोडं थांबावं.

घरी करून बघायचं असेल तर एवढंच करा, की बसण्याआधी प्रत्येकाला एकेक काम वाटून द्या. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची भावंडं बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आजोळी जमली, की माणसांना तोटा नसतो. एकाने फक्त भिंती बघायच्या, एकीने फक्त हात, एकाने मागून जाणारी माणसं. सबटायटल्स मात्र बंद करा. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात गेरी द'इदेवाल यांनी दाखवून दिलं आहे, की भाषा समजत असली तरी पडद्याखालची अक्षरं डोळे वाचतातच. तेवढ्या उड्या फुकट जातात. आणि कुणी "अरे, तो तिला पत्र देतोय ना, ते सोडून घड्याळ काय बघतोस!" म्हणालं, तर खुशाल समजावं, की त्या आत्याबाईंच्या नजरेची दोरी अजून दिग्दर्शकाच्याच हातात आहे. त्यात वाईट काही नाही. पहिल्या खेपेला तर ती तिथेच असावी, नाहीतर तिकिटाचे पैसे कशाला मोजायचे?

ज्याच्या त्याच्या धंद्याने दिलेले प्रश्न तर न सांगताच कामाला लागतात. शिंपीकाम केलेल्या काकूंना नायिकेच्या ब्लाउजची बाही मधल्या दोन शॉट्सपुरती लांब झालेली दिसते. बडोद्यात तर गाण्या-बजावण्याची पोरंही थोडी नाहीत, सयाजीरावांनी मौलाबक्षांच्या हाताखाली १८८६ सालीच गायनशाळा काढली होती. ज्याचा हात तबल्यावर बसलाय त्याच्यासमोर मैफलीचं दृश्य लावून बघा. पडद्यावरचा तबलजी मान डोलावतोय झकास, पण ऐकू येतोय सात मात्रांचा रूपक ताल आणि त्याची बोटं चाललीत भलत्याच मात्रांवर.

हे एकदा कळलं की परतीची वाट नसते. क्रेग मूनी या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात काळ्या-पांढऱ्या डागांची चेहऱ्याची चित्रं वापरली होती. आधी नुसते डाग दिसतात, पण एकदा चेहरा उमगला की ते पुन्हा नुसते डाग म्हणून बघताच येत नाहीत. त्या तबल्याचंही तसंच. म्हणून ज्यांना सापडलंय त्यांना एकच विनंती आहे: आजीचं आवडतं गाणं चालू असेल, तर ते संपेपर्यंत तोंड बंद ठेवा.