सुप्रीम नसलेलं सुप्रीम कोर्ट

न्यूयॉर्क राज्यात घटस्फोट हवा असेल तर अर्ज थेट सुप्रीम कोर्टात करावा लागतो. तिथेच साक्षीपुरावे होतात, तिथेच पहिला निकाल लागतो. मराठी बातमीत याचंच ‘न्यूयॉर्कचं सर्वोच्च न्यायालय’ होतं आणि वाचकाला वाटतं, विषय संपला. प्रत्यक्षात वर अजून दोन पायऱ्या असतात.

हे नाव १६९१ चं, वसाहतीच्या काळातलं. तेव्हा बाकीच्या कोर्टांच्या मानाने ते वरचं होतं, पण शेवटचं तेव्हाही नव्हतं. मुंबईतही १८२४ पासून हायकोर्ट येईपर्यंत, म्हणजे १८६२ पर्यंत, सुप्रीम कोर्टच होतं आणि त्याच्या निकालावर लंडनला अपील जायचं. मुंबईची पाटी बदलली, न्यूयॉर्कची राहिली. १८४६ च्या राज्यघटनेने डोक्यावर ‘कोर्ट ऑफ अपील्स’ बसवलं, चॅन्सरी कोर्ट (ठरीव कायद्यापेक्षा न्यायबुद्धीने सोडवायच्या दाव्यांचं वेगळं कोर्ट) मोडून त्याचं काम सुप्रीम कोर्टाला दिलं, पण नावाला हात लावला नाही. १८९४ मध्ये राज्याचे चार विभाग पाडून मधली अपिली पायरी केली, तीही सुप्रीम कोर्टाचीच शाखा म्हणून! कहर म्हणजे खालच्या कोर्टात बसणारे ‘जस्टिस’ आणि सगळ्यात वरचे नुसते ‘जज’.

१८४६ ने न्यायाधीशांच्या निवडणुकाही आणल्या. कोर्ट ऑफ अपील्ससाठी त्या १९७७ मध्ये बंद झाल्या. सुप्रीम कोर्टाचे जस्टिस आजही १४ वर्षांसाठी निवडून येतात. उमेदवार मात्र पक्षांच्या अधिवेशनात ठरतात. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाने ही पद्धत २००६ मध्ये घटनाबाह्य ठरवली होती. २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या, सुप्रीम कोर्टाने तो निकाल एकमताने फिरवला. कायद्यात बसत असेल, पण मतदाराच्या हाती फारसं काही उरत नाही.

फेडरल बाजू त्या मानाने सुटसुटीत. १७८९ मध्ये राज्यात एकच जिल्हा कोर्ट होतं. १८१४, १८६५ आणि १९०० च्या वाटण्यांनंतर चार झाली. न्यायाधीश नेमलेले, तहहयात. मॅनहॅटनच्या फोली चौकात राज्याच्या सुप्रीम कोर्टाची षटकोनी इमारत आणि फेडरल कोर्ट शेजारी शेजारी आहेत, पण एकातलं अपील दुसऱ्यात जात नाही. दोन वेगळ्या राज्यांतले पक्षकार ७५ हजार डॉलरहून मोठा दावा फेडरल कोर्टात नेऊ शकतात. तिथेही १९३८ पासून कायदा राज्याचाच लागतो, आणि त्याचा अर्थ लागत नसला तर फेडरल अपील कोर्ट तेवढा प्रश्न लिहून राज्याच्या राजधानीला, अल्बनीला, कोर्ट ऑफ अपील्सकडे पाठवतं.