पितळेची मान का तडकते

रायफलची काडतुसं स्वतः पुन्हा भरणाऱ्यांमध्ये एक समजूत पक्की रुजलेली आहे. पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या मानेला, गोळी जिथे पकडलेली असते त्या अरुंद भागाला, उभी चीर दिसली की निदान ठरलेलं: दारू जास्त पडली! पण जास्त दाबाच्या खुणा बहुधा दुसऱ्या टोकाला, बुडाशी उमटतात. प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी, चपटा होतो, त्याचा खळगा सैल पडतो. मानेतली चीर बहुतेक वेळा वेगळंच काही सांगत असते आणि ते कळायला पितळेच्या आत डोकवावं लागतं.

पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. त्यातले अणू शिस्तीत थरांवर थर रचलेले असतात, पण मधूनच एखादा थर अर्ध्यावर संपतो. तो जिथे संपतो त्या रेषेला डिसलोकेशन म्हणतात. धातू वाकतो तो या रेषांमुळेच. अख्खा थर एकदम सरकवायचा तर प्रचंड बळ लागेल. त्याऐवजी ही रेषा एकेक ओळ ओलांडत जाते, अळी पाठीची कमान पुढे पुढे नेत चालते तशी. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी 1934 मध्ये ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. धातुशास्त्रात इतकं देखणं स्पष्टीकरण मला दुसरं माहीत नाही.

मऊ पितळेच्या एका चौरस सेंटिमीटरमधून अशा काही लाख ते काही कोटी रेषा जातात. पितळ वाकवलं की नव्या रेषा तयार होतात, त्यांची संख्या हजारो कोटींवर पोचते आणि त्या एकमेकींत अडकू लागतात. हालचाल थांबली की लवचीकपणा संपला. तांब्याची तार पुढे-मागे वाकवून तोडताना हाताला जाणवतो तो हाच ताठरपणा. पितळ तर तांब्याहून लवकर ताठरतं. जस्तामुळे प्रत्येक डिसलोकेशन दोन तुकड्यांत फाटतं आणि त्यांच्यामध्ये चुकीच्या क्रमाने रचलेल्या अणूंची एक पट्टी राहते. ही जोडी आपल्या पातळीतून सहज बाहेर पडू शकत नाही. अडथळा आला की वळसा न घालता तिथेच तुंबते.

आता मानेचं काय होतं ते पाहा. बार उडाला की ती फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला टेकते. नंतर डाय, म्हणजे पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा, तिला गरजेपेक्षा जास्त आवळते, आतला गोळा तिला पुन्हा थोडी उघडतो आणि नवी गोळी बसताना ती आणखी ताणली जाते. एका फेरीत चार वेळा! चीर पडण्याआधी याची चाहूल लागते. ताठर पितळ स्प्रिंगसारखं मागे येतं, म्हणून त्याच डायमधून काढलेली मान आता किंचित रुंद भरते आणि गोळ्या बसवताना कमीजास्त जोर लागतो. भिंतीला नीट न चिकटल्याने मानेबाहेर काजळीही वाढते.

यावर उपाय उष्णतेचा. मान तापवली की रेषांनी गुंतलेल्या जुन्या स्फटिककणांच्या जागी नवे, स्वच्छ स्फटिककण वाढतात आणि पितळ मऊ होतं. इथे एक भ्रम फार फोफावला आहे: तापलेली पुंगळी पाण्यात टाकली तरच ती मऊ होते म्हणे. पोलाद पाण्यात विझवून कडक होतं हे खरं, पण या पितळेला थंड होण्याच्या वेगाने काही फरक पडत नाही. पाण्याचा उपयोग एवढाच, की उष्णता बुडाकडे सरकत नाही. बूड मात्र कडकच राहायला हवं, कारण हवेच्या दाबाच्या सुमारे 4 हजार पट दाब तिथे पेलायचा असतो.

काही माना मात्र बार न उडताच तडकतात. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवली जात आणि पुढे त्यांतल्या अनेकांना तडे गेलेले आढळत. दोष ऋतूच्या माथी गेला आणि ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडलं. खरं कारण 1921 मध्ये मांडलं गेलं: घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि घडवताना पितळेत अडकून राहिलेला ताण. दमट हवेत अमोनिया तांब्याशी विरघळणारं संयुग बनवतो, कणांच्या सीमांवरचा धातू झिजतो आणि आतला ताण ती फट उघडत नेतो. दोन्ही एकत्र असतील तरच तडा जातो. अमोनिया असलेल्या पितळ-पॉलिशने पुंगळ्या चमकवणं मला म्हणूनच मुळीच पटत नाही.

तेव्हा भिंग घ्या आणि चीर कधी पडली ते आधी ठरवा. बऱ्याच फेऱ्या झालेल्या गठ्ठ्यात एखादीच मान तडकली असेल, तर ती पुंगळी बाद करून बाकीच्यांच्या माना मऊ करायची वेळ झाली आहे. चिरेच्या कडेला काजळीचा ओघळ असेल, तर वायू तिथूनच निसटला आहे. भरून ठेवलेली, न उडवलेली काडतुसं तडकलेली दिसली तर सबंध खोक्यावर संशय घ्यावा, कारण सगळ्यांनी तीच हवा सोसलेली असते. ती उडवू नयेत. आणि चीर मानेत नसून बुडाच्या जरा वर, पुंगळीभोवती आडवी असेल किंवा तिथे नुसतं चमकदार कडं दिसत असेल, तर पुंगळी लांबीत ताणली गेली आहे. तिचे पुढच्या बाराला दोन तुकडे होऊ शकतात आणि मान तापवून ते टळत नाही.