एमआरआय नॉर्मल, तरी मन का खचलेलं?

महिनोन्‌महिने उदास असलेल्या माणसाच्या मेंदूचा एमआरआय 'नॉर्मल' आला, की घरचे म्हणतात, "काय न्हाई झालेलं तुला, उगंच मनाला लावून घेतलंयस." कोल्हापुरात हे वाक्य फार सहज बोललं जातं आणि ते रुग्णावर अन्याय करणारं आहे.

साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताची जुनी खूण. नैराश्यात डॉक्टर तो सांगतात ते अशी कारणं वगळायला. थायरॉइडची तपासणीही त्याचसाठी. नैराश्याचं जीवशास्त्र शोधणारे संशोधक बहुतेकदा त्याच यंत्रावर वेगळं मोजमाप घेतात: एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कधी कामाला लागतो याचा अंदाज.

उसाला पाणी पाजताना दारं मोडलं, तरी पाणी सरीच्या टोकाला पोचायला वेळ लागतो आणि जातं तेही गरजेपेक्षा थोडं जास्तच. मेंदूत तसंच घडतं. पेशी कामाला लागल्या की त्या भागातला रक्तपुरवठा ५ ते ६ सेकंदांनी शिगेला पोचतो आणि खर्चापेक्षा जास्त ऑक्सिजन आणतो. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कटतं. त्याचं प्रमाण घटलं की सिग्नल वाढतो, साधारण एखाद्या टक्क्यानं. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हा परिणाम दाखवून दिला. थोडक्यात, आपण पाटाच्या पाण्यावरून पिकाचा अंदाज बांधत असतो.

एवढा बारीक सिग्नल कशानंही बिघडतो. मंगळसूत्र, जोडवी, पैंजण आधीच उतरवायचे. पेसमेकर असेल तर ते आत जाण्याआधी सांगायलाच हवं. कानात बोळे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज. मग ८ मिनिटं समोरच्या खुणेकडे बघत पडून राहायचं. दर २ सेकंदांनी अख्ख्या मेंदूचं एक चित्र, म्हणजे एकूण २४०. या वेळात डोकं अर्धा मिलिमीटर हललं तरी मेंदूच्या दोन भागांमधला नसलेला संबंध (सिग्नल एकत्र वरखाली होणं) दिसू शकतो. डुलकी लागली तर मोजमाप झोपेचं होतं. चहासुद्धा महत्त्वाचा: कॅफीननं मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून शेवटचा कप कधी घेतला याची नोंद ठेवतात. चालू औषधांचीही ठेवतात, पण स्कॅनसाठी कुणी आपल्या मनानं गोळ्या बंद करू नयेत.

खरी फसगत आकडेमोडीत होते. मेंदूचे १ लाख ठिपके तपासले आणि प्रत्येक ठिपक्यात चूक होण्याची ५ टक्के शक्यता चालवून घेतली, तर काहीही नसताना ५ हजार ठिपके उजळतील. २००९ मध्ये संशोधकांनी मेलेल्या सॅमन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून, इतक्या तपासण्यांमुळे करावी लागणारी दुरुस्ती न करता हिशेब केला, तेव्हा त्याच्याही मेंदूत 'हालचाल' दिसली! रंगीत ठिपक्यांचं चित्र बघताना हा मासा आठवावा.

तरीही हाती काही लागलंच नाही, असं नाही. मेंदूविकारतज्ज्ञ हेलन मेबर्ग यांच्या अभ्यासांत कपाळामागे खोलवर असलेला 'क्षेत्र २५' हा भाग खोल दुःखात जास्त सक्रिय आणि उपचारानं बरं वाटल्यावर शांत झालेला दिसला. २००५ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ६ रुग्णांच्या या भागाजवळ विजेचं उत्तेजन देणारे इलेक्ट्रोड बसवले गेले. चौघांना टिकाऊ फरक पडला. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र खऱ्या आणि लुटुपुटूच्या उत्तेजनात ठळक फरक दिसला नाही.

स्मृतीशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसचं उदाहरण अधिक बोलकं आहे. १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी लोकांची मापं एकत्र केली, तेव्हा रुग्णांमध्ये तो सरासरी १.२४ टक्के लहान निघाला. वारंवार नैराश्य येणाऱ्यांत फरक स्पष्ट होता, पहिल्याच झटक्यात नव्हता. माणसामाणसांतला नैसर्गिक फरक याहून कितीतरी मोठा असतो. त्यामुळे हजारो लोकांच्या सरासरीत दिसणारी गोष्ट एकट्याच्या फिल्मवर ओळखता येत नाही.

म्हणून निदान आजही विचारपूस करूनच होतं: दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास आहे का, कशातच रस उरला नाही का, झोप, भूक, ताकद कशी आहे, जीव नकोसा वाटतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर स्कॅनची वाट न बघता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास सुरू असतो.