रिलीज बेअरिंग की गिअरबॉक्सचं बेअरिंग? उत्तर क्लच पेडलकडे आहे

लाख-दीड लाख किलोमीटर झालेली मॅन्युअल गाडी सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असताना बॉनेटखालून घरघर यायला लागली, की गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं, "क्लच गेलाय, पूर्ण सेट टाकावा लागेल." कधी ते बरोबरही असतं. पण कधी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी भरून नवा सेट बसतो आणि घरघर तशीच राहते. कारण खराब झालेलं बेअरिंग क्लचचं, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग, नसतंच; ते गिअरबॉक्सच्या आत इनपुट शाफ्टवर, म्हणजे इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समध्ये नेणाऱ्या दांड्यावर असतं. दोन्ही बेअरिंगं जवळजवळ असतात, आवाजही बराचसा सारखा. पण एक नटसुद्धा न खोलता फरक ओळखता येतो, आणि तो गॅरेजला जायच्या आधी मालकाने स्वतः ओळखावा असं मला मनापासून वाटतं.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, एसी आणि गाणी बंद. शेजारी भिंत असेल तर उत्तम, आवाज परतून स्पष्ट येतो. क्लचवरून पाय पूर्ण काढून ऐका. मग पेडल अगदी सावकाश तळापर्यंत न्या.

दाबल्यावर आवाज सुरू झाला किंवा वाढला, तर संशय रिलीज बेअरिंगवर. दाबल्यावर आवाज विरत बंद झाला, तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर.

पाय वर असताना क्लच प्लेट फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट यांच्या मध्ये घट्ट धरलेली असते. त्यामुळे गाडी उभी असली तरी इनपुट शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरत असतो आणि त्याचं बेअरिंग झिजलं असेल तर बोलतं. रिलीज बेअरिंगवर तेव्हा जवळजवळ भार नसतो. पेडल दाबलं की उलट होतं. प्लेट सुटते, इनपुट शाफ्ट थोड्या वेळात थांबतो आणि रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरवर, म्हणजे तिच्या स्प्रिंगच्या पात्यांवर, रेटलं जाऊन पूर्ण भाराने फिरायला लागतं.

इथे दोन चकवे आहेत. बऱ्याच हायड्रॉलिक क्लचच्या गाड्यांत रिलीज बेअरिंग फिंगरना कायम हलकं टेकलेलं असतं. ते खराब असेल तर पाय वर असतानाही बारीक किरकिर येते आणि पेडलला नुसता पाय टेकवला तरी ती बदलते किंवा गप्प होते. म्हणून मधल्या प्रवासाकडे लक्ष ठेवा. पेडलच्या सुरुवातीलाच आवाज बदलला तर रिलीज बेअरिंग. क्लच सुटेपर्यंत तसाच राहून मग बंद झाला तर इनपुट शाफ्ट.

दुसरा चकवा डिझेल गाड्यांचा. आयडलला इंजिनाच्या धक्क्यांनी गिअरचे दाते एकमेकांवर आपटून खडखड होते, आणि क्लच दाबल्यावर तीही थांबते. पण अ‍ॅक्सिलरेटर जरासा दिला की खडखड बहुधा कमी होते. बेअरिंगची घरघर मात्र आरपीएमबरोबर चढत जाते.

पेडल दाबून-सोडून काहीच फरक पडत नसेल तर दोन्ही बेअरिंगं सोडा. अल्टरनेटर, वॉटर पंप, बेल्टचा टेन्शनर तपासा. आणि आवाज फक्त गाडी चालतानाच, तिच्या वेगाप्रमाणे येत असेल तर व्हील बेअरिंग किंवा डिफरन्शियलकडे बघायचं.

घाई दोन्हींत आहे, पण वेगवेगळी. रिलीज बेअरिंग जाम झालं तर प्रेशर प्लेटचे फिंगर खातं आणि एखाद्या दिवशी क्लचच सुटत नाही. अशी गाडी घेऊन खंबाटकी घाट चढायला निघू नये. इनपुट शाफ्टचं बेअरिंग हळूहळू जातं, पण शाफ्ट डगमगायला लागला की गिअरचे दाते आणि ऑइल सील दोन्ही जातात. त्याचा पुरावा गिअर ऑइलमध्ये मिळतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, मऊ लगदा असणं जुन्या गाडीत नेहमीचंच; बोटांना टोचणारे चकचकीत कण लागले तर गिअरबॉक्स खोलावाच लागतो.

कोणतंही बेअरिंग असो, गिअरबॉक्स खाली येणारच, आणि खर्चाचा मोठा वाटा त्या मजुरीचा असतो. म्हणून रिलीज बेअरिंग बदलताना प्लेट झिजलेली असेल तर पूर्ण सेट टाकणं योग्यच. पण गिअरबॉक्स उतरला असताना मेकॅनिकला इनपुट शाफ्ट हाताने फिरवायला सांगा आणि स्वतः शेजारी उभे राहा. शाफ्ट गुळगुळीत फिरायला हवा. बोटांना खरखर जाणवली तर बॉक्स परत चढवायच्या आधी तेही बेअरिंग बदलून घ्या.