शेतात वीज पडून मजुराचा मृत्यू झाला तर: 4 लाखांची मदत, कागदपत्रे आणि अर्ज

वीज पडून माणूस दगावला तर राज्य शासन त्याच्या वारसांना 4 लाख रुपये देते. या मदतीसाठी सातबारा लागत नाही. दुसऱ्याच्या रानात रोजाने गेलेला मजूर असो, शेळ्या राखणारा असो की परजिल्ह्यातून टोळीबरोबर आलेली बाई असो, हक्क सारखाच. तरी भूमिहीन घरात पहिला विचार हाच येतो की आपल्या नावावर गुंठाभर जमीन नाही, आपल्याला कोण काय देणार. हा लेख त्या घरांसाठी आहे.

आधी जीव वाचवण्याचे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही, त्यामुळे त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास थांबला असेल, नाडी लागत नसेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला 108 वर फोन करायला सांगा. विजेने हृदय बंद पडलेली माणसे वेळेत दाब मिळाल्याने वाचतात.

मृत्यू झालाच, तर शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यविधी करू नका. दुःखात, त्यातून रात्र पडत आलेली असताना, घरच्यांना हे सांगणे फार जड जाते. पण प्रकरण अडते ते इथेच. विजेने गेलेल्याच्या अंगावर कधी कधी ठळक खूणच नसते. केस करपलेले असतात, एखादा भाजल्याचा डाग असतो, किंवा कातडीवर फांद्यांसारखी लाल नक्षी उमटते आणि ती काही तासांत पुसट होते. मृत्यूचे कारण वीज आहे हे डॉक्टरांच्या कागदावर आले नाही, तर नंतर गावाने कितीही साक्ष दिली तरी तहसीलमध्ये फाइल पुढे सरकत नाही. अहवालात मृत्यूच्या कारणाबद्दलचे मत राखून ठेवले असेल, तर अंतिम अहवाल कधी मिळेल ते तिथेच विचारून घ्या.

पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली पोलीस इन्क्वेस्ट पंचनामा (मृतदेहाचा पंचनामा) करतात. हा गुन्हा नसल्याने एफआयआर होत नाही. कोणी एफआयआरची प्रत मागितली, तर अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक आणि पंचनामा दाखवा. त्याच दिवशी तलाठ्यालाही (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवा. तलाठी घटनास्थळाचा पंचनामा करून तहसीलदारांना अहवाल देतो. मजूर कुठल्याही गावचा असला तरी पंचनामा घटना जिथे घडली तिथलाच तलाठी करतो. तलाठी सापडत नसेल तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन करा.

पंचनाम्याच्या वेळी कधी शेतमालक कचरतो. माझ्या शेताचे नाव नको, नसती चौकशी मागे लागेल, असे त्याला वाटते. त्याला समजावून सांगा की ही मदत आपत्तीच्या सरकारी निधीतून येते, त्याच्या खिशातून नाही. गट नंबर, वेळ, कोणते काम चालू होते आणि सोबत कोण होते, हे सगळे खरे आणि पूर्ण लिहिले जाऊ द्या. मुकादमाची आणि सोबतच्या मजुरांची सहीही घ्या.

तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत साध्या कागदावर अर्ज चालतो. त्याला मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल, पोलिसांचा व तलाठ्याचा पंचनामा, मृताचे आणि वारसांचे आधार कार्ड, रेशनकार्ड, वारसांबाबतचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र आणि वारसाच्या बँक पासबुकाची प्रत जोडा. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करून घ्या. आधारवर कमलबाई आणि रेशनकार्डावर कमल असा फरक असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आणखी एक जागा तपासा, ती म्हणजे मृताचे पासबुक. मे अखेरीस किंवा जूनच्या सुमारास 20 रुपये कापलेले दिसले, तर ते बहुधा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे असतात. वय 18 ते 70 असलेल्या खातेदाराला त्यात 2 लाखांचे अपघाती विमा संरक्षण असते आणि नैसर्गिक आपत्तीतला मृत्यू त्यात धरला जातो. दावा बँकेतच करायचा, 30 दिवसांच्या आत. कागद वरचेच. 436 रुपयांची नोंद दिसली, तर जीवन ज्योती विम्याबद्दलही विचारा. हे विम्याचे पैसे शासनाच्या मदतीपेक्षा वेगळे असतात, आणि घरच्यांना अशा विम्याची कल्पनाच नसेल तर ते मागायचे राहून जातात.

मृत व्यक्ती शेतकरी कुटुंबातील, 10 ते 75 वयाची असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून 2 लाखांची तरतूद आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, 30 दिवसांत. तिथे सातबारा लागतो. मात्र एकाच मृत्यूसाठी शासनाच्या दोन मदती मिळतील असे गृहीत धरू नका. मुदत संपण्याआधी तहसील आणि कृषी अशा दोन्ही कार्यालयांत विचारून ठरवा.

जखमींसाठीही तरतूद आहे. 27 मार्च 2023 च्या शासन निर्णयातील दरांनुसार एक आठवड्यापेक्षा जास्त काळ रुग्णालयात राहावे लागल्यास 16,000 रुपये, त्याहून कमी काळासाठी 5,400. अपंगत्व 40 ते 60 टक्के असल्यास 74,000 आणि 60 टक्क्यांहून अधिक असल्यास अडीच लाख. अपंगत्वाचे प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयाचे लागते.

मजुरी करणाऱ्याने आणि करवून घेणाऱ्याने एवढे ठरवून टाकावे की गडगडाट ऐकू आला की काम थांबेल आणि त्यासाठी रोज कापला जाणार नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत परतीचा पाऊस विजा घेऊनच येतो, आणि उक्त्या कामाच्या घाईत टोळी झाडाखाली थांबून पाऊस ओसरायची वाट बघते. झाडाखाली उभे राहू नका, पक्क्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे ‘दामिनी’ अॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. ते निदान मुकादमाच्या फोनमध्ये तरी हवेच.

अर्ज देऊन महिना उलटला तरी हालचाल नसेल, तर पोच जोडून प्रांत कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. त्यासोबत माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका. त्यात फाइल सध्या कोणाच्या टेबलावर आहे आणि कोणत्या कागदासाठी थांबली आहे, एवढेच विचारा. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.